श्वासातील अहिंसा

अवयव प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीला कोरोना विषाणूचा संसर्ग होणे ही वरवर पाहता निव्वळ वैद्यकशास्त्राची बाब आहे. औषधांच्या मात्रा, रक्ताच्या चाचण्या आणि प्राणवायूची पातळी यांच्या भाषेत तिचा विचार होतो, आणि तो तसाच व्हायला हवा. परंतु २०२० नंतरच्या काळात या संसर्गाने एक असा प्रश्न पुढे आणला, ज्याचे उत्तर केवळ वैद्यकाच्या आधारे देता येत नाही. ज्या माणसाने जगता यावे म्हणूनच आपल्या देहाची प्रतिकारशक्ती, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि पूर्ण जाणिवेने, कमी करून घेतली आहे, त्याच्या रक्षणाची जबाबदारी कोणाची? ती त्याची एकट्याची, त्याच्या प्रारब्धाची, शासनाची, की त्याच्या शेजारी बसून श्वास घेणाऱ्या प्रत्येकाची? देह, कर्म, शुद्धी आणि अहिंसा या भारतीय विचारातील चार जुन्या संकल्पनांना हा प्रश्न थेट भिडतो, आणि त्या चारही संकल्पना त्याच्यासमोर तपासून घ्याव्या लागतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील घोडेगावासारख्या ठिकाणी उभे राहून पाहिले, तर या प्रश्नाचे स्वरूप अधिक नेमके कळते. नेवासे तालुक्यातील हे गाव अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर वसलेले असून घोडेश्वरी देवीचे स्थान, जनावरांचा बाजार आणि कांद्याचे लिलाव यांसाठी ते दूरवर माहीत आहे. शनिशिंगणापूरकडे जाणारा रस्ता येथून फुटतो; आणि ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली, ते प्रवराकाठचे नेवासे हेच या तालुक्याचे ठाणे आहे. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासाठी अशा गावातल्या माणसाला पुण्याच्या, छत्रपती संभाजीनगरच्या किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागते. पण ‘किडनी बसवून’ आल्यानंतरचे त्याचे आयुष्य रुग्णालयात जात नाही. ते गावात, बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात आणि सप्ताहाच्या पंगतीत जाते, आणि प्रतिकारशक्तीचा प्रश्नही तेथेच, माणसांच्या गर्दीत, सोडवावा लागतो.

प्रत्यारोपणाचे मूळ शास्त्र ‘स्व’ आणि ‘पर’ यांच्या भेदावर उभे आहे. माणसाच्या पेशींवर काही ठरावीक प्रथिनांच्या खुणा असतात, आणि रक्तातील टी पेशी, म्हणजे परक्याचा शोध घेऊन त्याच्यावर हल्ला चढवणाऱ्या पांढऱ्या पेशी, या खुणा सतत तपासत असतात. खूण ओळखीची नसेल तर ते ऊतक परके ठरते आणि शरीर ते नष्ट करू लागते. बसवलेला अवयव शरीराने नाकारणे म्हणतात ते हेच. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवर त्वचारोपण करताना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी या नकाराचा अभ्यास केला, तर ऑस्ट्रेलियाचे मॅकफर्लेन बर्नेट यांनी शरीर आपले आणि परके हा भेद कसा शिकते याविषयी सिद्धान्त मांडला. या कामासाठी दोघांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होते, आणि त्या यशाचे कारणही हेच की त्या दोघांच्या देहांना एकमेकांत परके असे काही सापडले नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे जगातील पहिल्या हृदयारोपणानंतर काही आठवड्यांतच, हृदयारोपणाचे धाडस केले होते; परंतु त्या काळी शस्त्रक्रियेचे कौशल्य जितके पुढे गेले होते, तितके परकेपणावर मात करण्याचे ज्ञान पुढे गेलेले नव्हते.

ते ज्ञान आले ते मातीतून. सायक्लोस्पोरिन हे औषध नॉर्वेच्या पठारावरील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून मिळाले, टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबा परिसराच्या मातीतील जिवाणूपासून १९८४ मध्ये वेगळे करण्यात आले, आणि मायकोफेनोलेटचे मूळही एका बुरशीतच आहे. प्रत्यारोपण झालेल्या बहुतेक रुग्णांना यांपैकी दोन औषधे आणि सोबत प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड रोज, ठरलेल्या वेळी आणि सामान्यतः आयुष्यभर घ्यावे लागते. येथे एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. ही औषधे देहाला असे पटवून देत नाहीत की आईने किंवा पत्नीने दिलेले मूत्रपिंड आता तुझेच आहे. ती केवळ पहारेकऱ्यांना शांत बसवतात. दहा वर्षांनी गोळ्या सोडल्या तरी देहाला ते मूत्रपिंड परके वाटू शकते. म्हणजे आपलेपणा येथे एकदा साधून मोकळे होण्याची गोष्ट नाही, तो रोज नव्याने सांभाळावा लागतो. आणि पहारेकरी शांत बसल्यामुळे जे खरोखर घातक आहे, त्यालाही आत येणे सोपे होते.

देह नेमका कोणाचा, हा वाद ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात फार विस्ताराने आला आहे. गीतेने देहाला क्षेत्र, म्हणजे शेत, म्हटले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी ते शेत खरेखुरे कसले जाणारे शेत मानून वेगवेगळ्या मतवाद्यांची त्याच्या मालकीवरून चाललेली भांडणे मांडली आहेत. कोणी म्हणतो की शेत जीवाचे असून प्राण हा त्याचे कूळ आहे आणि इंद्रिये ही त्याची बैलजोडी आहे. कोणी म्हणतो की जीव हा येथे उपरा वाटसरू आहे आणि मालकी प्रकृतीची आहे. कोणी संकल्पाला, कोणी स्वभावाला, तर कोणी काळाला मालक ठरवतो. नेवासे परिसरातील शेतकऱ्याला आजही ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. प्रत्यारोपणाने या जुन्या वादात एक नवा पक्षकार आणला आहे, तो म्हणजे दाता. दुसऱ्याच्या देहात वाढलेला अवयव ज्या देहात काम करतो, त्या देहाच्या सातबाऱ्यावर एकच नाव कसे असेल?

याच अध्यायात पुढे क्षेत्राचे घटक सांगताना ज्ञानेश्वरांनी धृतीचे जे विवेचन केले आहे, ते या विषयाच्या दृष्टीने मालकीच्या वादापेक्षाही मोलाचे आहे. गीतेत धृती हा एका यादीतील केवळ एक शब्द आहे आणि सामान्यतः त्याचा अर्थ धैर्य असा केला जातो. ज्ञानेश्वर मात्र असे दाखवतात की पंचमहाभूतांचे एकमेकांशी जन्मजात वैर आहे: पाणी मातीला विरघळवते, तेज पाण्याला आटवते, वारा तेजाशी झगडतो आणि आकाश वाऱ्याला गिळून टाकते, असे असूनही देहात ही पाचही भूते वैर सोडून एकत्र नांदतात, इतकेच नव्हे तर आपापल्या गुणाने एकमेकांचे पोषण करतात, आणि ज्या सामर्थ्यामुळे हे न जमणारे सख्य जमते आणि टिकते, त्याचे नाव धृती. देह म्हणजे एकजिनसी, शुद्ध, परक्याला बाहेर ठेवणारा किल्ला नव्हे, तर मुळात विरोधी असलेल्या तत्त्वांचा टिकवून धरलेला सलोखा होय, हा विचार नेवाशात तेराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत मांडला गेलेला आहे. त्यात आधुनिक प्रतिकारशास्त्र शोधण्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही. गणपतीच्या मस्तकाच्या कथेत शस्त्रक्रिया शोधणाऱ्यांनी जो अनर्थ केला, तो येथे करू नये. परंतु प्रत्यारोपण झालेल्या देहाचा अर्थ लावायला ‘स्व विरुद्ध पर’ या युद्धाच्या भाषेपेक्षा धृतीची भाषा अधिक उपयोगी पडते, हे मान्य करावे लागते. त्या देहात धृतीचे काम अंशतः औषधाच्या गोळ्या करतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली तेव्हा या सलोख्याची कसोटी लागली. अनेक देशांतील, मुख्यतः अमेरिकेतील, पन्नासहून अधिक केंद्रांनी एकत्र केलेल्या ४८२ प्रत्यारोपित रुग्णांच्या अभ्यासात असे आढळले की कोविडमुळे रुग्णालयात दाखल कराव्या लागलेल्यांपैकी सुमारे २० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले. भारतातील १३ केंद्रांमधील, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या २५० रुग्णांच्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण ११.६ टक्के होते, आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या कार्यावर संसर्गाच्या काळात अचानक आघात झाला होता. म्हणजे विषाणू फुप्फुसावर आला, तरी संकट त्या दान मिळालेल्या अवयवावरही आले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढचा पेच मोठा होता: प्रतिकारशक्तीला विषाणूशी लढू द्यावे म्हणून मायकोफेनोलेटसारखे औषध थांबवावे, तर शरीर अवयव नाकारण्याची भीती, ते चालू ठेवावे, तर विषाणूला मोकळे रान. बहुतेक ठिकाणी काही औषधे थांबवून आणि काही कमी मात्रेत चालू ठेवून मधला मार्ग काढला गेला.

या पेचात आणखी एक गुंता होता, आणि तो तात्त्विकदृष्ट्या सर्वांत विचार करण्याजोगा आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या स्टेरॉइडमुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे सिद्ध झाले. स्टेरॉइड विषाणूला मारत नाही. ते प्रतिकारशक्तीचा आवेग आवरते. कोविडच्या गंभीर अवस्थेत माणूस अनेकदा विषाणूपेक्षा स्वतःच्याच संरक्षणयंत्रणेच्या अतिरेकाने दगावत होता. वर उल्लेखलेल्या ४८२ रुग्णांच्या अभ्यासातही मृत्यूचा संबंध प्रतिकारशक्ती किती दडपली होती याच्याशी स्पष्टपणे जुळला नाही. तो जुळला वय, हृदयविकार, फुप्फुसाचे जुने आजार आणि लठ्ठपणा यांच्याशी. स्वसंरक्षण जितके आक्रमक तितके चांगले, हा राजकारणापासून धर्मकारणापर्यंत पसरलेला समज निदान देहाच्या बाबतीत तरी खरा नाही. मात्र येथे उलट टोकालाही जाता येत नाही, कारण स्टेरॉइडचा अवाजवी वापर आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’चे, हजारो रुग्ण पाहिले, आणि त्यांतील अनेकांना डोळा किंवा जबडा गमवावा लागला. संयमित प्रतिकार हाच खरा प्रतिकार ठरतो, आणि त्याचे माप प्रत्येक देहात वेगळे असते.

संसर्गाच्या संदर्भात कर्मसिद्धान्ताचे काय होते, हा यापुढचा प्रश्न. खेडोपाडी आजारी माणसाविषयी ‘भोग आहेत’ असे म्हटले जाते, आणि मूत्रपिंड निकामी झालेल्याला पुन्हा कोविडही झाला, तर हे वाक्य अधिकच सहज ओठांवर येते. त्यामागे निष्ठुरपणा असतोच असे नाही. सोसण्याला काही अर्थ असावा, ही माणसाची फार खोल गरज त्यामागे असते. परंतु संसर्ग ही गोष्ट व्यक्तिगत कर्माच्या हिशेबात बसत नाही, कारण तो एकाच्या वर्तनातून दुसऱ्याच्या देहात जातो. ही अडचण प्राचीनांच्याही लक्षात आली होती. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाविषयी, म्हणजे संपूर्ण मुलूख ओस पाडणाऱ्या रोगराईविषयी, आहे. गंगेकाठच्या काम्पिल्य नगरीत पुनर्वसू आत्रेयांना त्यांचा शिष्य अग्निवेश विचारतो की माणसांची प्रकृती, आहार, बळ आणि वय वेगवेगळे असताना एकाच वेळी एकाच रोगाने सर्व का मरतात? आत्रेय उत्तर देतात की माणसे वेगळी असली तरी वायू, जल, देश आणि काळ या चार गोष्टी त्यांच्यात सामाईक असतात, आणि त्या बिघडल्या की सर्वांना बाधा होते. आणि त्या बिघडण्याचे मूळ अधर्मात व प्रज्ञापराधात, म्हणजे कळत असूनही चुकीचे वागण्यात, असते. त्याच अध्यायात आयुष्य पूर्णपणे ठरलेले असते काय या शंकेवर दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा या जन्मीचा प्रयत्न, या दोन्हींच्या बळाबळाची चर्चा आहे, आणि सर्वच ठरलेले असते तर औषधोपचाराला अर्थच उरला नसता, असा तेथील युक्तिवादाचा रोख आहे.

या अध्यायाचे महत्त्व असे की तो दोषाची जागा रोग्याच्या पूर्वजन्मातून काढून सर्वांच्या सामाईक हवेत आणतो. कोविडच्या बाबतीत तर हा सामाईक घटक अक्षरशः वायू हाच होता. ज्याचे मूत्रपिंड दुसऱ्याने दिलेले आहे, त्याला झालेल्या संसर्गाचे कारण शोधायचे असेल, तर ते त्याच्या संचितात शोधण्याआधी बंद खोलीतल्या लग्नात, खोकला असूनही बाजारात आलेल्या माणसात, खेळती हवा नसलेल्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शोधावे लागते. कर्मसिद्धान्ताचा त्याग न करताही हे म्हणता येते. फक्त कर्म कोणाचे, हे विचारण्याची तयारी हवी. रोग्याच्या कर्माकडे बोट दाखवून निरोगी माणसाने स्वतःच्या कर्मातून सुटका करून घेणे हाच खरा प्रज्ञापराध आहे.

कोविडच्या काळात पाळल्या गेलेल्या अंतराविषयी अनेकांनी असे म्हटले की आपल्या पूर्वजांचे सोवळे-ओवळे आता शास्त्राने मान्य केले. हे म्हणणे चुकीचे आहे, आणि ज्या भूमीत चोखामेळ्याला विठ्ठलाच्या दारात थांबावे लागले आणि पंढरपूरचे मंदिर सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले, तेथे ते केवळ चुकीचे नाही तर अन्यायकारकही आहे. सोवळ्यात माणूस दुसऱ्याला अशुद्ध मानून स्वतःची शुद्धी राखतो. मुखपट्टीचा मुख्य उपयोग मात्र याच्या उलट, आपल्या श्वासातून दुसऱ्याला बाधा होऊ नये हा आहे. पहिल्यात संशय दुसऱ्यावर असतो, दुसऱ्यात स्वतःवर. अंतर सारखेच दिसले तरी त्यातील नैतिक दिशा परस्परविरुद्ध आहे, आणि प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला टाळेबंदीनंतरच्या काळात समाजाने ज्या नजरेने पाहिले, तीत दुर्दैवाने पहिल्या प्रकारची छटा पुष्कळदा होती: त्याने घरात बसावे, बाहेर येऊच नये, म्हणजे इतरांना मोकळेपणाने वावरता येईल.

श्वासाचा असा विचार करणारी परंपरा या जिल्ह्यात जिवंत आहे. स्थानकवासी जैन साधू-साध्वी तोंडावर कायम मुहपत्ती, म्हणजे कापडाची घडी, बांधतात, ती बोलताना-श्वास घेताना बाहेर पडणाऱ्या उष्ण हवेने वायुकायिक, म्हणजे हवा हाच देह असलेल्या, आणि इतर सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून. याच पंथाचे आचार्य आनंदऋषीजी (१९००–१९९२) हे पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीचे, आणि त्यांच्या नावाचे रुग्णालय अहिल्यानगर शहरात आहे. अदृश्य जीवाला माझ्या श्वासाने त्रास होईल, ही कल्पना बाहेरच्या माणसाला अतिरेकी वाटू शकते. परंतु ‘आपला श्वास ही देखील एक कृती आहे आणि तिची जबाबदारी आपल्यावर आहे’ हे त्यातील तत्त्व २०२० मध्ये साऱ्या जगाला, वेगळ्या कारणासाठी, शिकावे लागले.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील अहिंसेचे प्रकरणही येथे पुन्हा वाचण्याजोगे आहे. तेथे ज्ञानेश्वर अहिंसक पुरुषाचे चालणे, पाहणे, बोलणे आणि हातांची हालचाल यांचे इतके बारकाईने वर्णन करतात की परमाणूच्या आड लहान जीव असेल या जाणिवेने पाऊलही तो करुणेने टाकतो. आणि त्या वर्णनात त्याचा श्वाससुद्धा सुकुमार असल्याचे सांगितले आहे. मात्र त्याआधी त्यांनी एक कठोर टीका केली आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हिंसेतून अहिंसा साधण्याचा दावा करणाऱ्या यज्ञमार्गाबरोबरच ते आयुर्वेदालाही जाब विचारतात: एका जीवाला वाचवण्यासाठी वृक्ष उपटायचे, साली सोलायच्या, प्राण्यांची पित्ते काढायची, ही कसली अहिंसा? प्रत्यारोपणावर हा आक्षेप लागू पडतो काय? जिवंत दात्याच्या निरोगी देहावर, त्याला कोणताही शारीरिक लाभ नसताना, सुरी चालवली जाते, हे खरेच आहे. पण येथे एक निर्णायक फरक आहे: वृक्ष किंवा प्राणी संमती देत नाही, दाता देतो. म्हणूनच १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवून दात्याच्या मुक्त संमतीला केंद्रस्थान दिले. संमती विकत घेतली, लादली किंवा घरातल्या स्त्रीवर ‘तूच दे’ असा मूक दबाव आणून मिळवली, की ज्ञानेश्वरांचा आक्षेप पुन्हा पूर्ण बळाने उभा राहतो. आणि भारतात जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया जास्त आणि अवयव मिळणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त, ही वस्तुस्थिती पाहता तो आक्षेप निवळला आहे असे म्हणवत नाही.

दानाचा स्वीकार ऋण निर्माण करतो. शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि मनुष्य या चौघांचा ऋणी असल्याचे म्हटले आहे. पुढील परंपरेत त्यांपैकी तीनच ऋणे अधिक रूढ झाली आणि मनुष्यऋण काहीसे मागे पडले. प्रत्यारोपणाने ते पुन्हा पुढे आणले आहे. ज्याला अवयव मिळाला, तो दात्याचे ऋण औषधे वेळेवर घेऊन, दिलेला अवयव जपून फेडत असतो. परंतु ते जपणे त्याच्या एकट्याच्या हातात नाही, हे महासाथीने दाखवून दिले. लसीच्या बाबतीत ही गोष्ट आकड्यांनीच स्पष्ट झाली: अमेरिकेतील एका अभ्यासात एमआरएनए लसीच्या पहिल्या मात्रेनंतर प्रत्यारोपित रुग्णांपैकी केवळ १७ टक्क्यांच्या आणि दोन मात्रांनंतरही ५४ टक्क्यांच्याच रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला ओळखून अडवणारी प्रथिने, आढळली, तर निरोगी लोकांमध्ये ती जवळजवळ सर्वांत तयार होत होती. ज्याच्या देहात लस पुरेशी रुजत नाही, त्याचे संरक्षण भोवतालच्या माणसांच्या देहात रुजलेल्या लसीवर अवलंबून राहते. भारतात १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधी असलेल्यांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा त्या व्याधींच्या यादीत मूत्रपिंड आणि यकृत प्रत्यारोपणाचा समावेश होता, ही चांगली गोष्ट होती. मात्र पंचेचाळिशीच्या आतील रुग्णाला मे महिन्यापर्यंत थांबावे लागले, आणि नेमका तोच दुसऱ्या लाटेचा सर्वांत भीषण काळ होता.

घोडेगावापासून काही किलोमीटरवर असलेल्या शनिशिंगणापुरात घरांना दारे-कुलपे लावण्याची रीत नाही, हे सर्वश्रुत आहे. तेथे २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेनेही कुलपाविना शाखा उघडली. भाविक त्याचे श्रेय शनिदेवाला देतात. त्या श्रद्धेचा अनादर न करता असे म्हणता येते की दार नसलेले घर सुरक्षित राहते ते घरमालकाच्या बळावर नव्हे, तर उंबऱ्याबाहेरून जाणाऱ्या प्रत्येकाने आत हात न घालण्याच्या नेमावर. देव त्या नेमाचा साक्षी असतो, पण नेम माणसांनाच पाळावा लागतो. प्रतिकारशक्ती उतरवून ठेवलेला देह असाच दाराविना उभा असतो. त्याला ‘तूच दार लाव’ असे सांगणे म्हणजे बसवलेला अवयव सोडून दे असे सांगणे होय.

धार्मिक आचरणाने हा नेम पाळता येतो, याचे उदाहरण महाराष्ट्राने २०२० मध्ये घालून दिले. त्या वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्यांतील पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. शिर्डी, शनिशिंगणापूर यांसह राज्यातील मंदिरे मार्चपासून दिवाळी पाडव्यापर्यंत, आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेपर्यंत, दर्शनासाठी बंद राहिली. मंदिरे उघडण्यासाठी आंदोलनेही झाली, आणि पूजासाहित्य विकून पोट भरणाऱ्यांचे हाल खरे होते. परंतु वारी चुकली म्हणून भक्ती चुकली, असे वारकरी परंपरेतील जाणत्यांनी म्हटले नाही. नामस्मरण घरी बसून होते, ही त्या परंपरेची जुनीच शिकवण होती. दुसऱ्याच्या जिवासाठी दर्शन सोडणे हाही भक्तीचाच भाग, हा तिचा विस्तार मात्र त्या वर्षी प्रत्यक्ष आचरणात आला, आणि त्याची नोंद धर्मेतिहासात पायी वारीइतक्याच आदराने व्हायला हवी.

दात्याकडूनही संसर्ग येऊ शकतो, हे या विषयाचे शेवटचे आणि सर्वांत क्लेशकारक अंग आहे. २०२० च्या अखेरीस अमेरिकेतील मिशिगन येथे दोन्ही फुप्फुसांचे आरोपण झालेल्या एका रुग्णाला दात्याच्या फुप्फुसांतून विषाणू आला. दात्याच्या नाकातील नमुन्याची चाचणी निर्दोष होती, पण खोल फुप्फुसातील नमुन्यात नंतर विषाणू सापडला, आणि तो रुग्ण ६१ दिवसांनी मरण पावला. शस्त्रक्रियेत सहभागी असलेल्या एका शल्यविशारदालाही लागण झाली. त्यानंतर फुप्फुसदात्यांच्या खालच्या श्वसनमार्गाची तपासणी आवश्यक मानली गेली. भारतात २०१९ मध्ये साडेबारा हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली होती, ती २०२० मध्ये साडेसात हजारांच्या आत आली. कारण भीतीपोटी आणि खाटांअभावी शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आणि डायलिसिसवर थांबलेले, आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयाच्या गर्दीत जावे लागणारे रुग्ण त्या प्रतीक्षेतच संसर्गाला सामोरे गेले.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आणि निरोगी माणसांपुरते ते खरेही होते. मायकोफेनोलेट आणि टॅक्रोलिमस घेणाऱ्या माणसाच्या देहात मात्र विषाणू आठवडेच्या आठवडे टिकू शकतो, लसीचे बळ लवकर ओसरते, आणि फ्लू, क्षयरोग, नागीण असे इतर संसर्गही त्याच्या वाट्याला अधिक येतात. म्हणून त्याच्या बाबतीत अहिंसेचा नेम महासाथीपुरता नसतो. खोकला-ताप असताना सप्ताहाच्या मांडवात न बसणे, लिलावाच्या गर्दीत मुखपट्टी बांधणे, अशा रुग्णाच्या घरच्यांनी वेळच्या वेळी लस घेणे, आणि तो मुखपट्टी बांधून लग्नाला आला तर ‘अजून कशाला बांधता’ असे न विचारता त्याच्यासाठी खिडकीजवळची, वारा खेळणारी जागा मोकळी करून देणे, हे सारे घोडेगावात किंवा नेवाशात कोणत्याही खर्चाविना होऊ शकते. तेराव्या अध्यायातील ज्ञानाच्या लक्षणांच्या यादीत अहिंसेनंतर लगेच क्षांती येते, आणि क्षांती म्हणजे सोसणे; परंतु अहिंसा तिच्या आधी आली आहे, म्हणजे दुर्बळाने सोसावे असे सांगण्यापूर्वी बळकटाने इजा करू नये, ही त्या यादीतील क्रमाची सूचना आहे.